पुढची चाकं रुंद, मागची अरुंद: काळ्या रानात याचा फरक पडतो का?

सेलूकर

राम राम मंडळी. आमचं रान दुधनेच्या काठाला. डांबरी सोडली की पुढं पाणंद, सगळी काळी, खोल माती. मिरगाचा पाऊस झाला की दिवाळीपर्यंत तिकडं गाडी घालायची म्हणजे अंगावर काटा. माझ्याकडं जुनी फोर बाय फोर जीप आहे, पुढं टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागं कमान पाटे. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा "ही घेतलीच कशाला" इथं जातो आणि परत येत नाही.

परवा ओट्यावर गाडी लावून माप घेतलं. टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरलं तर पुढच्या चाकांमधलं अंतर मागच्यापेक्षा साधारण १० सेंमी जास्त. म्हणजे एका बाजूला ५ सेंमी. चिखलातून सरळ गेलं की मागं बघा, प्रत्येक बाजूला दोन माग. मागचं चाक पुढच्यानं दाबलेल्या जागेत नीट बसत नाही, अर्धं आतल्या कडेवर चढतं. मग गाडीचं बूड कधी बांधाकडं, कधी नालीकडं.

कंपनीवाले असं का करतात हा एक प्रश्न. आणि मागं स्पेसर (हब आणि चाकाच्या मधी बसणारी जाड चकती) टाकून दोन्ही माग एक केले तर चिखलात खरंच फायदा होईल का, हा खरा प्रश्न. जालन्यात एक जण ५० मिमीचे करून देतो म्हणतोय.

डिझेल_दाजी (जालना)

आधी हे सांगा, बैलजोडी विकली कधी?

सेलूकर

दाजी, बैलांच्या किमती बघितल्यात का? जीप स्वस्त पडते.

गॅरेज_नांदेड

कंपनी मुद्दाम काही करत नाही. पुढचं सस्पेन्शन एका गाडीचं, मागचा एक्सल दुसऱ्या गाडीचा, असं जुळवून नवं मॉडेल उभं राहतं. नवं एक्सल हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) काढायचं म्हणजे डाय, मशिनिंग, चाचण्या, सगळा खर्च पहिल्यापासून. जुना एक्सल चांगला चालतोय तर त्याला कोण हात लावणार?

महिंद्राची २०१० ला आलेली थार सीआरडीई घ्या. पुढं स्वतंत्र सस्पेन्शन, मागं जुन्या जीपच्या घराण्यातला सरळ एक्सल. कागदावरच पुढचा ट्रॅक, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १४४५ मिमी आणि मागचा १३४६. लपवलेलं काही नाही, कॅटलॉगमध्ये छापलेलं असायचं. वाचत कोणी नव्हतं.

दुसरं कारण वळणाचं. पुढचं चाक पूर्ण वळवलं की आतल्या बाजूनं चासीला नाहीतर पाट्याला घासायला बघतं. चाक बाहेर असलं की जास्त वळवता येतं, गाडी कमी जागेत फिरते. मागच्या चाकाला वळायचंच नाही, त्याला ती जागा लागत नाही.

आणि सगळ्याच गाड्या पुढं रुंद असतात असंही नाही. मारुतीच्या जिप्सीचं उलटं होतं. आधी पुढं १२१० आणि मागं १२२०. १९९३ ला वाइड ट्रॅक आली, ती १३०० आणि १३१०. आताची जिम्नी १३९५ आणि १४०५. मागं १० मिमी जास्त, म्हणजे एका बाजूला ५ मिमी. एवढ्यानं चिखलात काही कळत नाही. तुमचं एका बाजूला ५० मिमी आहे. ते कळणारच.

उदगीर_ते_पर्थ

सेलूकर, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण इथं ऑस्ट्रेलियात हा विषय म्हणजे पारावरचं राजकारण. कुणीही कुठंही सुरू करतं.

टोयोटाच्या लँड क्रूझर ७० मालिकेत २००७ ला साडेचार लिटरचं व्ही-८ डिझेल इंजिन बसवलं. इंजिन रुंद, म्हणून पुढचा भाग आणि पुढचा एक्सल रुंद करावा लागला. मागचा तसाच ठेवला. ७९ पिकअपला पुढं १५५५ मिमी, मागं १४६०. फरक ९५ मिमी, जवळपास तुमच्याएवढाच. यावर इथं एक पूर्ण धंदा उभा आहे. कुणी मागचं रुंद हौसिंगच बदलून देतं, कुणी वेगळ्या ऑफसेटच्या (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते माप) डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ती चाकाची थाळी, विकतं, कुणी स्पेसर.

किनाऱ्यावरच्या वाळूत फरक जाणवतो, हे स्वतः चालवून सांगतो. कोरड्या वाळूत पुढचं चाक वाळू दाबून वाट करतं. मागचं त्याच वाटेत आलं तर त्याला दाबायचं काम कमी उरतं. बाजूला पडलं तर ते स्वतःची नवी वाट फोडतं, आणि इंजिनला चार चाकांची वाट करावी लागते. पण तरीही सांगतो, हवा १६-१८ पीएसआयवर आणली की जो फरक पडतो, त्यापुढं ट्रॅकचा फरक किरकोळ आहे. बरेच लोक हजारो डॉलर एक्सलवर घालतात आणि हवा मात्र ४० ठेवतात.

नाना_पाथरीकर

हे पर्थ-बिर्थ राहू द्या. ट्रॅक जुळवणं आपल्याकडं प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला येतंय, फक्त तो त्याला ट्रॅक म्हणत नाही.

सोयाबीन ४५ सेंमीवर पेरलं. आता कोळपणीला ट्रॅक्टर घालायचाय तर चाक दोन ओळींच्या मधीच चाललं पाहिजे. तीन ओळी घेतल्या तर १३५ सेंमी, चार घेतल्या तर १८०. मधलं १६० ठेवलं की एक चाक पिकावरून गेलंच म्हणून समजा. म्हणून मागची चाकं डिस्क उलटी करून, जागा बदलून आत-बाहेर करायची. पुढच्या एक्सलला भोकं असतात, बोल्ट काढायचा, नळी सरकवायची, परत बोल्ट. पुढचं आणि मागचं एकाच ओळीत नसलं तर पुढच्यानं वाचवलेलं पीक मागचं तुडवणार.

नांगरटीला अजून वेगळं. एक चाक नांगरानं पाडलेल्या तासात चालतं, तिथं पुढच्या आणि मागच्या टायरची आतली कड जुळवावी लागते. टायरचा मध्य नाही, आतली कड. कारण मागचा टायर दुप्पट रुंद असतोय.

जीपवाल्यांना हे सगळं आता सुचायलंय.

भुईमूग

नाना, जीपला पण भोकं पाडून नळी सरकवता आली असती तर काय मजा आली असती. लग्नाला जाताना अरुंद, रानात रुंद.

नाना_पाथरीकर

लग्नाला रुंदच बरी. पाव्हणे जास्त बसतात.

गणिताचा_मास्तर (अंबाजोगाई)

एक गोष्ट सगळे विसरताहेत. दोन्ही ट्रॅक तंतोतंत सारखे केले तरी मागचं चाक पुढच्याच्या मागावर फक्त सरळ रस्त्यावर येतं. वळणात मागचा एक्सल नेहमी आत कापतो.

अंदाज घ्या. एक्सल ते एक्सल अंतर २.४ मीटर. ६ मीटर त्रिज्येचं कडक वळण घेतलं तर मागचा एक्सल पुढच्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर आत चालतो. वर्गमूळ काढायचं, बाकी काही नाही. बरं, कडक वळण सोडा. ३० मीटर त्रिज्येचं, म्हणजे स्टिअरिंग जेमतेम हललं असं वळण घेतलं तरी मागचा एक्सल १० सेंमीच्या आसपास आत सरकतो. तुमचा एका बाजूचा फरक ५ सेंमी. पाणंद जरा वाकडी असेल तर तो फरक वळणातच बुडाला.

आता गंमत बघा. त्याच ३० मीटरच्या वळणात मागची चाकं अरुंद असली तर आतल्या बाजूचं मागचं चाक पुढच्याच्या मागापासून ५ सेंमीवर राहतं आणि बाहेरचं १५ सेंमीवर जातं. दोन्ही ट्रॅक सारखे असते तर दोन्ही बाजू १० सेंमी चुकल्या असत्या. म्हणजे अरुंद मागच्या एक्सलनं आतली बाजू सुधारते, बाहेरची बिघडते.

डिझेल_दाजी (जालना)

मास्तर, दहावीला तुम्ही असते तर मी आज इंजिनिअर असतो.

घाटातला_ड्रायव्हर (पाटोदा)

मला हे सगळं पटत नाही. मी बालाघाटात वर्षानुवर्षं गाडी चालवतो. मागचं अरुंद असणं चांगलंच. दोन दगडांच्या मधून पुढचं गेलं की मागचं जाणारच, बघायची गरज नाही. मागचं रुंद असलं की पुढचं निघतं आणि मागचा टायर दगडावर बाजू फाडून घेतो. धारूर घाटातून उतरताना आरशात बघायला वेळ कुठं असतो?

गणिताचा_मास्तर (अंबाजोगाई)

सरळ दगडांमधून जाताना तुमचं बरोबर. वळणात नाही. वळणात मागचं आत कापतं, आणि ५ सेंमीची सूट त्याला पुरत नाही. आतला दगड मागच्या चाकाला सापडतोच.

घाटातला_ड्रायव्हर (पाटोदा)

वळणात मी पुढचं चाक मुद्दाम बाहेरून नेतो. हातालाच कळतंय ते, त्याला वर्गमूळ लागत नाही.

काळी_कसदार (परभणी)

वाळूतला नियम काळ्या मातीला जसाच्या तसा लावू नका. मी मृदा विषयात शिकलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

मऊ जमिनीत चाक रुततं तेव्हा दोन गोष्टी होतात. चाक माती खाली दाबतं, आणि समोरची माती ढकलतं. दोन्हीत ताकद जाते. पहिल्या चाकानं दाबून दिलेल्या मागात दुसरं चाक आलं तर दाबायला कमी राहतं. या सगळ्या शास्त्राचा पाया घालणारा बेकर नावाचा पोलंडमध्ये जन्मलेला अभियंता. १९७१ मध्ये चंद्रावर जी गाडी फिरली तिच्यावरही त्यानं काम केलं.

पण आपली रेगुर, म्हणजे काळी, माती वेगळी. हिच्यात माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती भरपूर. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी मिळालं की फुगते आणि भेगा मिटतात. मग पाणी खाली मुरायला तयार नसतं, वरचा थर लोण्यासारखा होतो. अशा ओल्या चिकणमातीवरून चाक गेलं की माती दाबली जात नाही, कालवली जाते. भाताच्या चिखलणीत मुद्दाम करतात तेच. कालवलेल्या चिकणमातीची पकड आधीपेक्षा कमी होते. म्हणजे पुढच्या चाकानं जी जागा कालवून ठेवली तिथंच मागचं चाक घातलं तर त्याला रोध कमी लागेल, पण पकडही कमी मिळेल. ५ सेंमी बाजूच्या न कालवलेल्या मातीत रोध जास्त, पकडही जास्त. कुठलं जिंकेल ते त्या दिवशीच्या ओलीवर.

पहिल्या पावसात वरचे दोन-तीन इंच चिखल आणि खाली टणक जमीन असते. तेव्हा अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि गाडी निघते. श्रावणात झड लागून गेली की खाली टणक काही उरलेलंच नसतं. मग ट्रॅक सारखा असो की वेगळा, एक्सलचा गोळाच चिखलावर टेकतो.

भुईमूग

चंद्रावर पाऊस नाही, चिखल नाही. बेकरसाहेबांना एकदा ऑगस्टमध्ये हिंगोलीला आणायला पाहिजे होतं.

माजी_सैनिक_कंधार

फौजेत हा विषय शिकवताना एक वाक्यात संपवायचे: मागचं चाक पुढच्याच्या मागावर.

स्टॅलियन ट्रक बघा. जबलपूरला वाहन निर्माणीत बनायचा, चारही चाकं चालणारा. बाजारातल्या ट्रकला मागं जोडटायर असतात, त्याला मागंही एकेकच मोठा टायर. जोडटायर ओझ्याला चांगले, डांबरीवर चांगले. पण चिखलात नि वाळूत ते पुढच्या मागाच्या बाहेर पडतात, दोन टायरच्या मधी दगड अडकतो, चिखल भरतो. एकेक टायर असला की मागचा पुढच्याच्या वाटेनं जातो. मागून येणारे ट्रकही त्याच वाटेनं.

कसदार, तुमचं चिकणमातीचं बरोबर आहे. तिथं काफिला एका मागानं न्यायचा नसतो. पहिले काही ट्रक जातात, नंतरचे फसतात. ड्रायव्हरला सांगितलेलं असायचं की ओली काळी जमीन दिसली की प्रत्येकानं आपली वाट वेगळी काढायची, जागा असेल तर.

लेथ_वाळूज

स्पेसरचं बोलतो, कारण माझं पोट त्यावर आहे. म्हणजे स्पेसरवर नाही, लेथवर.

५० मिमी म्हणजे जाड काम. नुसती चकती मधे घालून लांब स्टड टाकणं हे करूच नका. ५० मिमीला स्वतःचे स्टड असलेला स्पेसर लागतो, जो आधी हबवर नटांनी बसतो आणि मग त्याच्या स्टडवर डिस्क. मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे आणि स्पेसरचा पुढचा कॉलर डिस्कच्या भोकात. हे दोन्ही नसलं तर सगळं वजन स्टडवर येतं, आणि स्टड वजन उचलायला नसतात, आवळायला असतात. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) अर्ध्या मिलीमीटरनं चुकली तरी चाक लंगडतं.

भंगारातल्या ॲल्युमिनियमची ओतीव चकती घेऊ नका. सॉलिड बारमधून कापलेलं ६०६१-टी६ ग्रेडचं ॲल्युमिनियम पाहिजे, आणि स्टड चांगल्या ग्रेडचे. जालन्यातला तुमचा माणूस कशाचं करतो ते विचारा. "लोखंडाचं" एवढंच उत्तर आलं तर चहा प्या आणि निघा.

दुसरं, चाक ५० मिमी बाहेर गेलं की बेअरिंगवरचा आणि एक्सलच्या टोकावरचा ताण वाढतो. ज्या एक्सलमध्ये शाफ्टच गाडीचं वजन पेलतो तिथं हे जास्त. शिवाय टायर मडगार्डच्या बाहेर येईल आणि सगळा चिखल दारावर. ते मात्र जीव घेणारं नाही, बायको घेईल तेवढंच.

सर्व्हेअर_लातूर

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदातल्या किंवा उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही याच कलमावर कडक निकाल दिला आहे. पाणंदीत आरटीओ येत नाही हे मान्य, पण तुम्ही रानात डांबरीवरूनच जाता ना? अपघात झाला आणि मागच्या चाकात स्पेसर दिसला की विम्याचा दावा अडकायला तेवढं निमित्त पुरतं. मी रोज अशा फायली बघतो.

डिझेल_दाजी (जालना)

सर्व्हेअर साहेब, पुढच्या वेळी गोड बातमी घेऊन या.

शेतकरीण_औसा

सगळं वाचलं. माझ्याकडं जीप नाही, पिकअप आहे, भाजीपाला काढते. एक विचारू का? सेलूकर दादा, तुमच्या पाणंदीत तुमच्या गाडीच्या आधी कोण जातं?

आमच्याकडं ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. रात्रंदिवस. त्या पाणंदीची जी चाकोरी पडते ती पुढचा पावसाळा संपेपर्यंत बुजत नाही. आणि ती आमच्या पिकअपच्या मापाची नसतेच. एक चाक चाकोरीत पडलं की दुसरं मधल्या उंचवट्यावर, गाडी तिरपी, मग ती घसरून चाकोरीच्या भिंतीला घासत चालते. तिथं तुमचं मागचं चाक पुढच्याच्या मागावर आहे की नाही याला काय अर्थ? पुढचंच चाक दुसऱ्याच्या मागावर आहे.

गणिताचा_मास्तर (अंबाजोगाई)

ताई, तुम्ही माझं गणितच पुसून टाकलं. हा मुद्दा कुणालाच सुचला नव्हता.

नाना_पाथरीकर

ताई बरोबर बोलायल्यात. आमच्याकडं तर ऊस कमी, तिथं वाळूचे हायवा टिप्पर आहेत. नदीतून रात्री कुठून कुठं जातात विचारू नका. त्या जोडटायरनं पाणंदीची अशी काही गत होते की चाकोरी म्हणायला चाकोरी राहत नाही, नालीच होते.

भुईमूग

आमच्या पाणंदीचा मंजुरीचा कागद आहे. पाणंद मात्र शोधावी लागते.

रस्ता_हरवलेला

हा धागा पाणंद रस्त्यांवर जाणार हे मला पहिल्या प्रतिसादालाच कळलं होतं. मराठवाड्यात कुठलाही धागा शेवटी पाणंद, पाणी नाहीतर रेल्वेवर जातो.

गॅरेज_नांदेड

परत मूळ प्रश्नावर. बूड इकडं-तिकडं जातंय म्हणता, तर मी आधी ट्रॅककडं बघणार नाही. टायरची नक्षी उरलीय किती? चिखल नक्षीत भरून टायर गुळगुळीत होतो का? मागं रिकामी गाडी नेता का? कमान पाट्यांची मागची बाजू रिकामी असली की हलकी असते, चाक धरत नाही. युरियाच्या दोन गोण्या टाका मागं, ९० किलो झाले. गोणी ४५ किलोची असते आता, ५० ची नाही, हेही लक्षात ठेवा नाहीतर माझ्यावर येईल. आणि फोर बाय फोर चिखलात शिरायच्या आधी टाका, फसल्यावर नाही.

सेलूकर

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. औसाच्या ताईंनी विचारलं म्हणून काल पाणंदीत टेप घेऊन गेलो. ट्रॉलीच्या चाकोऱ्या मध्यापासून मध्यापर्यंत सव्वापाच ते साडेपाच फूट, जागेजागेवर कमी-जास्त. माझी गाडी पुढं पावणेपाच फुटांच्या आसपास आणि मागं त्याहून चार बोटं कमी. म्हणजे दोन्ही चाकोऱ्यांत माझी गाडी बसतच नाही. पुढचं चाक एका भिंतीला, मागचं अजून आत, आणि दुसरी बाजू मधल्या उंचवट्यावर. बूड का जातं ते टेपनंच सांगितलं. नवीन नांगरलेल्या रानात, जिथं आधीची चाकोरी नाही, तिथं दोन माग पडतात खरे, पण तिथं गाडी जात मात्र सरळ होती. ते मी आधी सांगायला पाहिजे होतं बहुतेक.

माजी_सैनिक_कंधार

मग चाकोरीत उतरायचंच नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं चाकोरीच्या बाहेर कडेवर. चाकोरी दोन चाकांच्या मधी घ्यायची. हळू, एकाच गिअरमध्ये, ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही. कडेला जागा असेल तरच हं. नाली असेल तर पायी जा.

उदगीर_ते_पर्थ

याला अनुमोदन. आणि त्यासाठी मागचे ५ सेंमी वाढवायची गरज नाही. वाळूत रोज जात असता तर म्हटलं असतं, विचार करा. दुधनेच्या काठाला वाळू कुठंय?

नाना_पाथरीकर

वाळू होती. हायवानं नेली.

लेथ_वाळूज

माझं गिऱ्हाईक गेलं म्हणायचं. असू द्या. ज्याला करायचंच असेल त्यानं स्पेसरऐवजी कमी ऑफसेटच्या मागच्या डिस्क बघाव्यात. ऑफसेट २५ मिमीनं कमी झाला की त्या बाजूचं चाक २५ मिमी बाहेर, दोन्ही मिळून ट्रॅक ५० नं वाढतो. बेअरिंगवरचा ताण तेवढाच वाढतो, पण मधला एक जोड आणि नटांचा एक संच कमी होतो. सर्व्हेअर साहेबांचं कलम तिथंही लागू आहेच, ते मी नाकारत नाही.

घाटातला_ड्रायव्हर (पाटोदा)

मी अजूनही म्हणतो, मागचं अरुंदच बरं.

सेलूकर

या हंगामात स्पेसर नाही, नक्की झालं. आधी टायर. कसदार म्हणाले तसं पहिल्या पावसाच्या वरवरच्या चिखलासाठी अरुंद टायर घ्यावेत असं डोक्यात आहे. जुन्या जीपला ६.००-१६ (सहा इंच रुंद, सोळा इंची डिस्कचे) असायचे, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही तेच माप असतं म्हणून मिळायला सोपं. ट्रॅक्टरचे नको, जीपच्या नक्षीचे. कुणाकडं चांगल्या स्थितीतला सेट पडून आहे का?

गॅरेज_नांदेड

माझ्याकडं तीन आहेत, चौथा गेला. पण आधी तुमच्या डिस्कची रुंदी मोजून कळवा. ६.०० चा टायर रुंद डिस्कवर ताणून बसतो आणि हवा कमी केली की कडा सुटते. साडेचार-पाच इंचाची डिस्क असेल तर ठेवतो बाजूला. सात इंची असेल तर नुसते येऊन चहा प्या.